कानिमच्या कबरीला गोवऱ्या

"तुमची बाई तुमच्या परसात पुरा, न्हाईतर डोंगरावर न्या. हितं पुरायची न्हाई," असं म्हणून मोल्दोबेक अक्सकाल कब्रस्तानाच्या फाटकाला पाठ लावून उभा राहिला. गावचा सगळ्यात जाणता म्हातारा, आणि नात्यानं सूरोनबायचा चुलता.

सूरोनबायची बायको कानिम सकाळीच गेली होती. मला काही राहवलं नाही.

"अवो, त्येची पोर हितंच पुरलीया. आईला लेकीशेजारी ठेवायला बी अडवणूक?"

"तू गप, बुरुल. त्या ईसाच्या नादाला तूच लावलंस तिला," अक्सकाल माझ्यावर खेकसला. मग सूरोनबायकडं वळून आवाज उतरवला. "आरं लेका, मी काय दगड हाय? एवढंच म्हण, मरताना तिनं कलमा पढला. आत्ताच्या आत्ता पोरांना कुदळी घिऊन लावतो. कोण बघाय गेलंय?"

तिच्या उशाशी बघायला होतो फक्त आम्ही दोघं, सूरोनबाय आणि मी. खरं सांगते, मी मनात म्हटलं, बोलून टाक बाबा. लेकीशेजारी जाईल तरी. देवाला काय कळत नाही होय?

सूरोनबाय फाटकाआडच्या लेकीच्या लहानशा उंचवट्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जाताना ती मला म्हणली, माझ्या तोंडी दुसरं काय घालू नगंस." आणि घराकडं वळला.

ईसाला, म्हणजे येशूला, मानणारी आम्ही गावात चारच घरं. तोक्तोसूननं आपलं बटाट्याचं रान दिलं, पण ऐन हिवाळ्यात आमची जमीन म्हणजे लोखंड. कुदळ मारली तर ठिणगी उडते. थंडीत कुणी गेलं की घरटी पोतंभर गोवऱ्या येतात, त्या जागेवर पेटवतात, तेव्हा कुठं माती वितळते. सगळ्या गावाचा हा भार. आता तो चार घरांवर आला.

तोक्तोसूनची बायको झिनात तर भडकलीच. "माझ्या लेकरांनी हिवाळाभर काय जाळायचं? तुझी टोपी?"

"मग नगं म्हण. मी सांगतो त्येला," तोक्तोसून म्हणाला.

"आन तिला काय तशीच उघड्यावर ठिवणार, मुडद्या? धर पोतं!" शिव्या देत देत तिनंच पोती भरली. मेंढवाड्यातल्या तुडवून घट्ट झालेल्या लेंड्या कापून रचलेली तिची गोवऱ्यांची अख्खी रास संपली. माझीही संपली.

वीतभर माती मऊ व्हायची, ती उकरायची, पुन्हा गोवऱ्या पेटवायच्या. धुरानं सगळ्यांचे डोळे वाहत होते, त्यात खरं रडणारं कोण ते ओळखू येईना. सूरोनबाय विस्तवाला इतका खेटून बसला की हातमोजा जळायला लागला, तरी त्याला पत्ता नाही. झिनातनं तो ओढून काढला. सूरोनबाय आपल्या लाल हाताकडं दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत राहिला.

कानिमला ठेवलं. प्रार्थना म्हटली. माती लोटली. कुणाच्याच तोंडून हुंदका फुटला नाही. गारठ्यानं म्हणा, दमल्यानं म्हणा, आम्ही आतून पार सुन्न झालो होतो.

आता चारी घरांत मिळून उरलं ते एकाच चुलीला वसंतापर्यंत जेमतेम पुरणार होतं. सूरोनबायची खोली सगळ्यांत लहान, लवकर तापणारी. तेव्हा बाकीची आम्ही तिन्ही घरं गोधड्या घेऊन तिथंच आलो. माणसं दाटीवाटीनं आडवी झाली. कुणाचा पाय कुणाच्या पोटात. चुलीजवळची कानिमची जागा तेवढी सगळ्यांनी न बोलता सोडली होती.

सूरोनबाय शेजारच्या आपल्या अंथरुणावर येऊन बसला. त्या रिकाम्या जागेकडं त्यानं पाहिलं.

"झिनात, तुझ्या धाकटीला हितं घाल," तो म्हणाला.

"आरं दादा, तिथं कशी? कानिमची..."

"घाल म्हणतो ना. तिकडून गार लागतंय मला."

झिनातनं पोरीला उचलून तिथं निजवलं. पोर झोपेत सरकत सरकत त्याच्या कुशीत शिरली. सूरोनबायनं तिला दूर लोटलं नाही, जवळही ओढलं नाही. थोड्या वेळानं आपली गोधडी काढून तिच्या पायांवर घातली आणि तसाच उघडा पडून राहिला.