टेबलाला ठोके नसतात

मला चौकशा फार. आमच्या घरात हे सगळेच सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत. पण माझं कामच तसं आहे, त्याला मी काय करू?

आमचं दुकान जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं. आपली जुनी वस्तू द्यायची आणि बदल्यात दुकानातली दुसरी न्यायची. द्यायच्या वाटा दोन. स्वतः येऊन काउंटरवर द्या, नाहीतर खोक्यात भरून टपालाने पाठवा. काउंटर माझ्या धाकट्या जावेकडे आणि टपालाची मागची खोली माझ्याकडे. मध्ये एक दार, आणि त्या दारातून दिवसभर आमचा एकच वाद चालतो.

धाकटी म्हणते, "ताई, तुझ्या खोक्यांना तोंड नसतं. माझ्यासमोर माणूस उभा असतो. वस्तूला काय झालंय ते त्याच्या चेहऱ्यावरच कळतं."

मी म्हणते, "माणूस खोटं बोलतो गं. खोकं बोलत नाही, म्हणून खोटंही बोलत नाही."

आणि ते खरंच आहे. एकाने साधा कॅल्क्युलेटर सात कागदांत गुंडाळून वर सुतळीने आवळून पाठवला होता. सोडवता सोडवता माझी दोन नखं मोडली. दुसऱ्या एकीने केस वाळवायचं यंत्र नुसतंच खोक्यात टाकलं होतं, सोबत अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा. पुडा चुकून आला की पाठवलाच होता, यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी धाकटीने तो उचलून फेकून दिला.

धाकटीच्या बाबतीत मात्र माझ्या चौकशा बंद होत्या. तिला सहावा महिना लागला होता आणि ते घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, असं तिनेच ठरवलं होतं. याआधी दोनदा तिने दूरच्या गावी आईला फोन करून गोड बातमी सांगितली होती, आणि दोन्ही वेळा काही आठवड्यांनी पुन्हा फोन करून ती परत घ्यावी लागली होती. या वेळी तिने आईला कळवलंच नव्हतं. तपासणीला जायची तेव्हाही डोळे मिटून पडायची, पडद्याकडे बघायची नाही, मशीनचा आवाज बंद ठेवा म्हणायची. "सगळं ठीक आहे" एवढं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की उठून घरी. काउंटरवर दिराचा ढगळ स्वेटर घालून बसायची. मी तोंडाला कुलूप लावलं होतं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल, ते माझं मला ठाऊक.

तर एका सोमवारी एक खोकं आलं. आतली बांधणी बघूनच मी कान टवकारले. कागद नाही, थर्माकोल नाही. सगळीकडे पांढरा कापूस, आणि वस्तूभोवती बँडेजची पट्टी, अशी घट्ट आणि सारखी गुंडाळलेली की सोडायला जीव होईना. आत तळहाताएवढं एक यंत्र, लहान रेडिओसारखं. त्याला वायर, आणि वायरच्या टोकाला माइकसारखं जाड बोंडूक. सोबत लेबल नसलेली छोटी बाटली, आत चिकट काहीतरी. फॉर्मवर वस्तूचं नाव "डॉप्लर". मला वाटलं, कंपनीचं नाव असेल. "वस्तू का देत आहात?" या रकान्यात थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "हात कापतात. कुणीतरी वापरावं."

बाटली मी सरळ बादलीत टाकली. पार्सलमधून आलेली ओली वस्तू बादलीत, हा नियम माझाच. एकदा कुणीतरी लॅपटॉपसोबत अत्तराची कुपी पाठवली होती. ती फुटली, आणि त्या दिवसापासून माझ्या खोलीत पातळ, घट्ट, चिकट, कशालाच थारा नाही.

मग यंत्रात नवे सेल घातले. दिवा लागला. स्पीकरमधून नुसतं खर्र खर्र. बोंडूक तोंडापाशी धरून "हॅलो, हॅलो" केलं. टेबलावर टेकवलं, भिंतीला लावलं, चालू पंख्यापुढे धरलं. खरखरीशिवाय काही नाही. फॉर्मवर मी लिहिलं: बंद. मालकिणीला निरोप गेला की आपली वस्तू बंद आहे, शुक्रवारी सकाळी ती मोडीच्या गाडीत जाईल, त्याआधी काही म्हणणं असल्यास कळवावं.

मंगळवारी फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण खणखणीत.

"बंद कसं असेल? पाठवायच्या आदल्या दिवशी मी स्वतः ऐकलंय."

"आवाज येत नाही हो."

"कुठे लावून बघितलंत?"

"टेबलावर."

पलीकडे बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "अहो, टेबलाला कुठले ठोके?"

मग तिने सांगितलं. ती सुईण. एकतीस वर्षं तिने बाळंतपणं केली होती. हे यंत्र आईच्या पोटावर ठेवून आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकायचं. आता तिचे हात कापत होते. यंत्र कपाटात पडून राहायला नको, कुणा नव्या सुईणीच्या हाती जावं, एवढीच तिची इच्छा.

"आणि जेल लावलंत ना? त्याशिवाय त्याला काही ऐकू येत नाही. बाटली पाठवली होती सोबत."

मी बादलीकडे बघितलं. बादली धुऊन पालथी घातलेली होती.

मी खोटं बोलले नाही, पण खरं बोलायलाही जरा वेळ लावला. शेवटी सांगितलं की बाटली मीच टाकली.

"असं होय," ती म्हणाली. रागावली नाही, त्यामुळे मलाच जास्त लाज वाटली. "मग मीच येते. गुरुवारी."

धाकटीने दारातून सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर विजय मावत नव्हता. "काउंटरवर आणलं असतं तर त्यांनीच लावून दाखवलं असतं ना? जाऊ दे, लिहून टाक चालू. एवढी जुनी सुईण कशाला खोटं बोलेल?"

"चौदा वर्षांत माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय मी 'चालू' लिहिलेलं नाही," मी फणकारले. "आणि हा काय रेडिओ आहे? उद्या माझ्या सहीवर कुणीतरी हे एखादीच्या पोटावर ठेवेल. आवाज आला नाही, तर त्या बाईचं काय होईल?"

बोलून गेले आणि जीभ चावली. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ती काउंटरवर जाऊन बसली. माझ्या फटकळ तोंडाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

गुरुवारी दुपारी सुईणबाई आल्या. बारक्या, ठेंगण्या, पाठीला पिशवी. दोन बस बदलून आल्या होत्या. काउंटरपाशी त्यांनी धाकटीच्या ढगळ स्वेटरकडे एकदाच बघितलं आणि नजर काढून घेतली. कुठे बघायचं आणि कुठे बघितलंसं दाखवायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी असते तर चार प्रश्न विचारून मोकळी झाले असते.

मागच्या खोलीत येऊन त्यांनी नवी बाटली काढली. माझ्या मनगटावर जेलचा थेंब ठेवला आणि बोंडूक टेकवलं. त्यांचा हात कापत होता, त्यामुळे बोंडूकही कापत होतं. खर्र, खस्स, खर्र. मध्येच काहीतरी फुसफुसल्यासारखं झालं.

"हा तुमचा ठोका," त्या म्हणाल्या.

मी कान लावला. मला तो ठोका वाटला नाही. वाटला असता तर किती बरं झालं असतं!

"मावशी, मला नाही ऐकू आलं."

त्यांनी बोंडूक पुसलं. "हे मनगटासाठी नाहीच मुळी. तुमचं बरोबर आहे. ऐकू आलं नाही तर लिहू नका." मग विचारलं, "मग उद्या गाडीत जाणार?"

"हो," मी म्हणाले. तिथेच रडू कोसळेल असं वाटलं. एकतीस वर्षांचं यंत्र, आणि माझ्या एका बादलीपायी मोडीत.

"ताई, शटर ओढ."

धाकटी दारात उभी होती. स्वेटरची बटणं तिने काढली होती.

"अगं, तुला नको असेल तर..."

"ओढ म्हटलं ना."

मी शटर ओढलं. माझ्या पॅकिंगच्या टेबलावरची खोकी, चिकटपट्ट्या, कात्र्या, सगळं खाली ढकललं आणि बबल रॅप अंथरलं. धाकटी त्यावर आडवी झाली. खालचे फुगे फट्फट् फुटले, एरवी आम्ही हसलो असतो. तिने डोळे गच्च मिटले. सुईणबाईंनी जेल लावलं आणि बोंडूक माझ्या हातात दिलं. "हात तुमचा, वाट माझी," म्हणाल्या आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला.

खर्र खर्र. थोडं डावीकडे. खर्र खर्र. थोडं खाली. काही नाही.

धाकटीच्या पापणीखालून पाणी आलं. चौदा वर्षं मी प्रत्येक वस्तू चालू असावी म्हणून धडपडले. यंत्रच बंद असू दे, असं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.

मग एक जड, सावकाश आवाज आला. धप्प... धप्प...

"हा आईचा," सुईणबाई म्हणाल्या. "घाई करू नका. हात तिरका करा. अजून थोडा."

आणि आला. शिलाई मशीन कुणी भरधाव चालवावं तसा, बारीक, पक्का, न थांबणारा. सगळी खोली त्याने भरून गेली. माझ्या नाकातून पाणी वाहत होतं आणि पुसायचं भान नव्हतं.

"एकदम झकास," सुईणबाई म्हणाल्या. "पण पोरी, हे ऐकलंस म्हणून डॉक्टरांच्या तारखा चुकवायच्या नाहीत हं."

धाकटीने डोळे उघडले. पोटाकडे नाही, त्या जुनाट यंत्राकडे बघत राहिली. मी मोकळ्या हाताने फॉर्म ओढू लागले, तर ती म्हणाली, "ताई, ते नंतर. आधी माझा फोन दे. आणि हात हलवू नकोस."

मी फोन दिला. तिने नंबर लावला, आणि आई बोलायला लागायच्या आतच म्हणाली, "आई, काही विचारू नकोस. नुसतं ऐक."

तिने फोन यंत्राच्या स्पीकरपाशी धरला. माझा हात अवघडला होता, मुंग्या येत होत्या, पण मी तसूभर हलले नाही. मग आई म्हणाली, "कितवा?"

"सहावा."

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला, कपाटाचं दार वाजलं.

"फोनवर काही सांगू नकोस आता," आई म्हणाली. "मीच येते."