नाव न घेतलेला पिंजरा

मी उंदीर धरण्याचा पिंजरा बोलतोय. अनसिंगच्या मारोतरावांच्या घरातला. माझी कथा आज निदान तीन पाठांत सांगितली जाते, आणि त्यांतला एकही पाठ मला विचारून रचलेला नाही.

पहिला पाठ गिरणीवरचा. दळणाची वाट पाहत बसलेल्या बाया तो सांगतात. त्यात एक उंदीर आढ्यावरून उडी घेतो, सुनेच्या हातातला विषाचा घास खाली पाडतो आणि स्वतः मरून तिचा जीव राखतो. दुसरा पाठ सुनेच्या माहेरचा, केनवडचा. त्यात उंदराला जागाच नाही. तिथे सासू खाष्ट आहे आणि विष तिनेच ठेवलेले आहे. तिसरा मंगरूळपीरचा, जिथे माझा जन्म झाला. त्या पाठात सगळे श्रेय मला मिळते: पिंजऱ्याचे दार आपोआप पडते, त्या आवाजाने घर जागे होते आणि अनर्थ टळतो.

हे पाठ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सून, विषाचे गोळे आणि नारळाची करवंटी या गोष्टी तिन्हींत कायम आहेत. उपकार करणारा आणि अपराध करणारा मात्र गावागणिक बदलतो. जे कायम राहते ते बहुधा घडलेले असते. जे बदलते ती सांगणाऱ्याची गरज असते. मी त्या खोलीत होतो, म्हणून चौथा पाठ सांगतो.

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इस्माईलभाईंचे पत्र्याचे दुकान आहे. तारेची जाळी, पत्र्याचा तळ, वर ताणलेली स्प्रिंग आणि आत लोंबणारी आकडी, एवढे माझे शरीर. आकडीला खाऊ लावायचा. उंदराने तो ओढला की स्प्रिंग सुटते आणि दार पडते. माझ्या स्वभावाचे मूळही तिथेच आहे. भांडे भरते किंवा रिकामे होते, दोन्ही अवस्थांत ते निवांत असते. मी मात्र लावलेला असेन तेव्हा ताणलेला असतो. कोणीतरी येईल या एका अपेक्षेवर माझे सारे अंग उभे असते.

काही कामाला गावात आलेले मारोतराव दुकानापाशी थांबले. माझ्या शेजारी चाप टांगलेले होते, उंदराची मान जागीच मोडणारे. इस्माईलभाईंनी हातातले काम न थांबवता विचारले, "माराले पायजे का धराले?"

"धराले," मारोतराव म्हणाले. "सून दोन जीवाची हाये."

इस्माईलभाईंनी चाप मागे सारले आणि मला पुढे केले. "धरनं याचं काम. सोडनं तुमचं. तिथं कंटाळा करू नका, मारोतराव."

घरात गर्भार बाई असताना त्या घरच्यांनी जीव मारू नये, हा निषेध या भागात जुना आहे, आणि तो जातीधर्माची वेस मानत नाही. म्हणूनच त्या दोघांना तो एकमेकांना समजावून सांगावा लागला नाही.

दुसरा निषेध मला अनसिंगला पोचल्यावर कळला. मारोतरावांनी मला पोत्यात गुंडाळून मागच्या दाराने आत नेले. त्यांच्या पत्नी, चतुराबाई, यांनी ओठांवर बोट ठेवले. उंदराला माणसाची भाषा कळते, अशी त्यांची श्रद्धा. घरात पिंजऱ्याचे नाव निघाले की तो सावध होतो, औषधाचे नाव निघाले तर सूड म्हणून नवे लुगडे कुरतडतो. त्यामुळे त्या घरात मला नाव नव्हते. माझ्याविषयी काही सांगायचे तर चतुराबाई भुवई उचलून कोठीच्या खोलीकडे पाहत. धान्याची पोती, गव्हाची पत्र्याची कोठी आणि वर एक लाकडी फळी असलेल्या त्या खोलीत मला ठेवले गेले.

सोयाबीन निघाले की शेते मोकळी होतात आणि उंदीर गावाकडे वळतात. माझे काम जोरात सुरू झाले. चतुराबाईंची पद्धत ठरलेली होती. भाकरीचा करपलेला काठ तेलात बुडवून आकडीला लावायचा. उंदीर सापडला की मारोतरावांनी मला सायकलला अडकवून नाल्यापलीकडे न्यायचे, कारण वाहते पाणी ओलांडून उंदीर परत येत नाही. दार उघडल्यावर मागे वळून पाहायचे नाही. घरी आल्यावर मला गरम पाण्याने धुवून धूर द्यायचा, म्हणजे आधीच्या पाहुण्याचा वास पुढच्याला लागत नाही. यातला शेवटचा नियम अनुभवाचा आणि वाहत्या पाण्याचा नियम श्रद्धेचा. चतुराबाई असा भेद करीत नसत. त्यांच्या लेखी दोन्ही सारखेच पक्के होते.

भेद करणारा होता त्यांचा मुलगा हरीओम. तो गावातल्या कृषी केंद्रात, बियाणे-औषधांच्या दुकानात, कामाला होता. नाल्याच्या नियमावर त्याचा विश्वास नव्हता. एका सकाळी त्याने बायकोची, संस्कृतीची, नेलपॉलिशची बाटली आणली आणि जाळीतून बाहेर आलेल्या शेपटीला लाल रंग लावला. मारोतरावांनी तो उंदीर नाल्यापार सोडला. आठवडा उलटला नाही तोच लाल शेपटी आढ्यावरून पळताना साऱ्यांना दिसली. हरीओम आईकडे पाहून हसला. चतुराबाईंनी त्याला अंगणात ओढत नेले, कारण असले काही घरात बोलायचे नव्हते, आणि तिथे जे सांगितले ते मारोतराव पुढे अनेकांना हसत सांगत असत: देव्हाऱ्यापाशी लोळला असेल, कुंकू लागलं त्याले.

इथपर्यंत घर हसत होते. मग एके दिवशी दुपारच्या झोपेत संस्कृतीच्या पायाचा अंगठा उंदराने कुरतडला. जखम किरकोळ होती, पण तिचा आधीचा गर्भ टिकला नव्हता, आणि त्या एका आठवणीने घरातल्या प्रत्येकाला वेगळ्या दिशेला ढकलले. चतुराबाईंना वाटले, आता तर घरात एकही जीव मरता कामा नये. हरीओमला वाटले, आता एकही उंदीर जिवंत राहता कामा नये. दोघांच्या मनात राखायचे होते ते एकच मूल. त्याविषयी ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. संस्कृती भीतीने पाय पोटाशी घेऊन बसू लागली. मारोतराव मला सकाळ-संध्याकाळ तपासू लागले. घराला माझा स्वभाव लागला होता. सारेच ताणलेले.

आता करवंटीकडे येतो, कारण तिन्ही पाठ तिच्यावर अडखळतात.

संस्कृतीला कच्चे बेसन खाण्याचे डोहाळे लागले होते. बाईला कशाची वासना झाली हे बोलून दाखवले तर दृष्ट लागते, म्हणून ती कोणाला सांगत नव्हती. कोठीच्या खोलीत येऊन डब्यातले पीठ चोरून तोंडात टाकायची. चतुराबाईंच्या ते लक्षात आले. त्यांनीही काही बोलून दाखवले नाही. कच्चे पीठ बाधेल म्हणून त्यांनी बेसन भाजले, गुळात वळून लहान गोळे केले आणि फळीवर करवंटीत ठेवले. संस्कृती ते खात असे, सासू करवंटी भरत असे, आणि दोघी एकमेकींना काही ठाऊक नसल्यासारखे वागत. मी जगात पाहिलेली ही सर्वांत नाजूक व्यवस्था.

कधी भाकरी नसली की चतुराबाई त्याच करवंटीतला एखादा गोळा माझ्या आकडीला लावीत. हरीओमने ते दोनतीनदा पाहिले होते. त्यावरून त्याने जो अर्थ काढला तो त्याच्या परीने तर्कशुद्ध होता: करवंटीतला खाऊ उंदरांसाठी आहे. एका संध्याकाळी त्याने उंदराच्या औषधाचे गोळे वळून आणले. आईला सांगायचे नव्हते, कारण ते मारण्याचे काम होते. घरात बोलायचेही नव्हते, कारण उंदीर ऐकतात. त्याने ते गुपचूप करवंटीत टाकले. तेच बेसन, तोच आकार.

मी खालून पाहत होतो. मला आवाज एकच दिला आहे, दार पडण्याचा. तो माझ्या हातात नाही.

दुसऱ्या सकाळी चतुराबाईंनी करवंटीतला एक गोळा माझ्या आकडीला लावला आणि त्या शेतात गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा दार पडलेले होते आणि आत उंदीर मेलेला होता. शेपटीवर लाल रंगाचा पापुद्रा अजून शिल्लक होता.

माझ्या आत तोवर एकही उंदीर मेला नव्हता. चतुराबाईंनी आधी मेलेल्या जिवाकडे पाहिले, मग आकडीवरच्या अर्धवट गोळ्याकडे, मग वर फळीकडे. मला हातात घेऊनच त्या संस्कृतीच्या खोलीत गेल्या. ती सकाळपासून मळमळतंय म्हणून पडून होती. आणि इथे, त्या घाईतही, त्यांनी नियम मोडला नाही. सुनेला हाताला धरून अंगणात आणले आणि मगच विचारले, "फळीवरचं काही खाल्लं का तू?"

चोरी उघडी पडली या लाजेने संस्कृतीने मान हलवली. "नाही आई. म्या काहूनच हात लावू तिथं?"

चतुराबाईंनी मला तिच्यासमोर धरले. आत काय आहे ते तिला दिसले. तिचा चेहरा उतरला. "एक खाल्ला," ती म्हणाली. "गोड होता. दुसरा तोंडापाशी नेला तं लसनाचा वास आला. मले लसून सोसत नाही ना आता. उकिरड्यावर फेकला म्या."

त्या औषधाला लसणासारखा वास असतो, हे मला नंतरच्या बोलण्यावरून कळले. पण जिने आधी नाही म्हटले तिचे दुसरे वाक्य खरे मानायचे कसे? चतुराबाई मारोतरावांना हाक मारून उकिरड्याकडे पाठवीत होत्या आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने हरीओमला फोन लावीत होत्या, कारण घरात औषध आणू शकणारा तोच होता. मी त्यांच्या बोटांत अडकलेला होतो. खाली ठेवायचे त्यांना सुचले नाही.

फोनवर हरीओम अडखळू लागला. आईने काय विचारले ते त्याला समजले होते, पण उत्तर द्यायचे म्हणजे नाव घ्यायचे. आता चतुराबाई घरात शिरल्या. कोठीच्या खोलीत, फळीखाली, आढ्याच्या ऐन मध्यावर उभ्या राहिल्या आणि त्या घरात कोणी कधी बोलले नव्हते ते मोठ्याने बोलल्या.

"उंदराचं औषध तू कुठं कुठं ठेवलं? नाव घेऊन सांग. मोठ्यानं सांग."

"करवंटीतच," पलीकडून आवाज आला. "फक्त करवंटीत. मले वाटलं तू त्याईच्यासाठीच ठेवते ते."

मारोतराव उकिरड्यात दोन्ही हातांनी शोधत होते. राख, शेण, भाजीची देठे बाजूला होत गेली. शेवटी त्यांनी तळहात पुढे केला. गोळा होता. त्यावर बोटांचे ठसे होते, दातांची खूण नव्हती. पण आधी खाल्लेला कोणता, हे उकिरडा सांगू शकत नव्हता. शेजारच्या हेमसिंगची गाडी निघाली आणि संस्कृतीला वाशिमला दवाखान्यात नेले. मी अंगणात तुळशीपाशी मेलेल्या उंदरासह पडून राहिलो. त्या संध्याकाळी मला उचलायला, धुवायला, धूर द्यायला कोणी नव्हते. घरातले उंदीरही गप्प होते. ते ऐकत होते की नाही, याविषयी मी मत देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सारे परत आले. दवाखान्यातल्या तपासणीत विष आढळले नव्हते; तिने खाल्लेला गोळा सासूने वळलेला होता. पोटातले बाळ सुखरूप होते. हरीओम उंबऱ्यावर बसून राहिला, आत यायला धजत नव्हता. चतुराबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"मी गप्प, तू गप्प, हे गप्प, पोरगी गप्प," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात बोलत होते ते उंदरंच."

तेव्हा वाचवणारा उंदीर कोणी नव्हता, दुष्ट सासू नव्हती, आणि माझे दार पडले ते रिकाम्या खोलीत, कोणालाही न जागवता. सुनेला लसूण सोसत नव्हता, एवढेच घडले. गिरणीवरच्या बायांना हे पुरेसे वाटत नाही, हेही मला समजते.

माझ्यात जीव गेला म्हणून मला गोठ्याच्या टिनाच्या छपरावर टाकले. पाऊस, ऊन, गंज. स्प्रिंग सैल पडली. एवढा निवांतपणा मला कधी मिळाला नव्हता आणि तो मला मुळीच मानवला नाही. खालून बाळाचे रडणे ऐकू येऊ लागले. मुलगी झाली होती. पुढे सोयाबीन निघाले आणि आढ्यावर पुन्हा पावले वाजू लागली.

एका सकाळी चतुराबाईंनी मला खाली काढायला लावले. चिंचेने आणि राखेने घासले, हरीओमने नवी स्प्रिंग बसवली. दाराला गंजाचे भोक आहे, जाळी एका कोपऱ्यात वाकली आहे. तुम्ही आपल्या घरी माझ्यासारखा एखादा आणाल तर त्याचे नाव घ्या, एवढीच माझी विनंती. उंदराला ऐकू गेले तरी चालेल.

नातीला कडेवर घेऊन चतुराबाई कोठीच्या खोलीत आल्या. संस्कृती दारात उभी होती. "आयका सारे," त्या आढ्याकडे पाहून म्हणाल्या. "हा पिंजरा हाये. इथं कोठीमागं लावला. यात भाकर हाये, औषध नाही."

"झालं," मारोतराव म्हणाले. "आता कोन येते याच्यात?"

दुपारी दार पडले. शेपटी साधी होती, रंग नव्हता. मारोतरावांनी मला सायकलला अडकवले, नाल्यापलीकडे नेले आणि दार वर उचलले. उंदीर थोडा वेळ आतच बसला. मग बाहेर पडला आणि तुरीत गेला.