डॅशबोर्डखालचा रिले

नलिनीने टॉर्च दातांत धरला, स्क्रू सोडवला आणि डॅशबोर्डखालची काळी डबी बाहेर ओढली. काडेपेटीएवढी डबी, चार पिना. वर ना नाव, ना नंबर.

"रिले आहे," ती म्हणाली.

"आसंल कायबी," तिचे यजमान हैबतराव ओट्यावरून म्हणाले. "जुन्या गाडीत लई वस्तू अस्त्यात. ठेव जाग्यावर."

फाटकात तिचा दीर दयानंद गाडी ओढून न्यायला ट्रॅक्टर घेऊन थांबला होता. रिहे गावातल्याच एका फार्महाउसच्या हिरवळीवर ही गाडी शोभेला ठेवायची, असं दोघा भावांनी परस्पर ठरवलं होतं. सकाळी नलिनी नको म्हणाली तेव्हा हैबतराव हसले होते. "तुझ्या हातानं चालू करून दाव. मग गाडी तुझी."

दरवर्षी दसऱ्याला ती गाडीला हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची आणि सगळ्यांच्या आग्रहाने किल्ली फिरवायची. इंजिन घरघरायचं, पेटायचं नाही. मग हैबतराव बसायचे आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू. "गाडी मालक वळखती," असं म्हणत अख्खं घर हसायचं. नलिनीने पिरंगुटला शिकून परवाना काढला होता. शाळेत ती मुलांना विद्युतप्रवाह शिकवायची. तरी आपल्या हाताला गाडी लागत नाही, हे तिने मानून घेतलं होतं.

तिने मल्टीमीटर लावला. दोन पिनांमध्ये थोडा रोध मिळाला; ती आतली गुंडाळी. उरलेल्या दोन पिनांमध्ये काहीच नाही. गुंडाळीला बॅटरी जोडताच डबीत टक् झालं आणि त्याही दोन जुळल्या. म्हणजे विजेने मिटणारी ही कळ, रिले, धड होती. ती कशाची, एवढंच कळायचं होतं.

"हॉर्नचा आसंल, वैनी," दयानंद म्हणाला.

तिने हॉर्न दाबला. रिले तिच्या हातात होता आणि हॉर्न वाजला.

"मग दिव्यांचा."

दिवेही लागले.

हैबतराव ओट्यावरून उतरले. "अगं, सोड की ते. शॉक बसंल."

"बारा व्होल्टला?"

तिने तारा धरून पुढे माग काढला. एक जाड तार किल्लीकडून येत होती, दुसरी ठिणगीच्या कॉइलकडे जात होती. गुंडाळीची बारीक तार मात्र पायपुसण्याखालून चालकाच्या सीटखाली शिरली होती. नलिनीने तिथे बोटं घातली. एक छोटी कळ लागली, वापराने गुळगुळीत झालेली.

ही कळ दाबल्याशिवाय कॉइलला वीज जातच नव्हती.

मग तिने रिले पुन्हा बसवला नाही. दोन्ही जाड तारा एकमेकींना पिळून जोडल्या, वर टेप गुंडाळली, सीटवर बसली आणि किल्ली फिरवली.

इंजिन पेटलं.

"चोरीच्या भ्यानं बसवली हुती कळ," हैबतराव म्हणाले.

"भावजी, तुम्ही चालवायचात ना ही गाडी?"

दयानंद ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला. "दादानं दावली हुती."

"आणि जुईलीला?" तिने लेकीचं नाव घेतलं.

हैबतराव म्हणाले, "कालिजात गाडी न्यायची ती. पोरीला सांगावंच लागलं."

नलिनीने आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला.

"भावजी, फाटकातून ट्रॅक्टर काढा."

"कुटं निघालीस?" हैबतरावांनी विचारलं.

"मारुंजीला. जुईलीकडे."

ते घाईने पलीकडून आले आणि त्यांनी डावीकडचं पुढचं दार उघडलं. "थांब, मी बी येतो. रस्ता लई खराब हाय."

"मागे बसा."

हैबतराव दार धरून उभे राहिले. त्यांनी भावाकडे पाहिलं. दयानंदची पाठ होती, तो ट्रॅक्टर बाजूला घेत होता. नलिनी समोर बघत होती. तिने क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि मागचं दार वाजण्याची वाट पाहू लागली.