विलो फोर्डच्या मनोऱ्यातली घंटा

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. कॅन्ससमधल्या विलो फोर्ड गावात, आगीचे बंब ठेवतात त्या मनोऱ्यात सतरा वर्षं टांगून राहिले, ती मी. माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा करू नका. जन्मभर पोटात लोलकाचे तडाखे खाल्ल्यावर फारसं काही लागेनासं होतं.

माझा जन्म इथला नाही. फिलिपाईन्समधल्या एका बेटावर मला ओतलं. गावच्या बायकांनी घरातली तांब्याची भांडी आणून दिली होती. ओतताना कुठेतरी एक बुडबुडा राहिला, म्हणून माझा आवाज जरा घोगरा आहे. तिथे तासियो नावाचा माणूस मला वाजवायचा. बारसं असो, लग्न असो की वादळ, तासियो दोरीपाशी हजर.

मग अमेरिकेचे शिपाई आले. स्पॅनिश लोकांना हाकलायला आलोय, म्हणाले. स्पॅनिश गेले, हे काही गेले नाहीत. गावातले तरुण रानात शिरून यांच्याशी लढायला लागले. कप्तानाच्या डोक्यात बसलं की मला वाजवूनच त्यांना इशारे जातात. त्याने गाव जाळलं. मी टांगलेली होते ते प्रार्थनामंदिरही जळलं आणि मी राखेत येऊन पडले.

"उचला ही बया," कप्तान म्हणाला. "पुन्हा इथे वाजायला नको."

चौघांनी मला रेड्याच्या गाडीत घातलं. त्यातला एक ऑरिन टीझडेल, विलो फोर्डचा, घोड्यांचे लगाम नि खोगिरं शिवणारा. तासियो गाडीमागून किनाऱ्यापर्यंत चालत आला. ऑरिनने त्याला एक सिगारेट दिली. तासियोने ती उभ्या उभ्या ओढली आणि परत गेला. मला वाईट वाटलं का? तेव्हा वाटलं होतं. बोटीच्या तळाशी बटाट्यांच्या पोत्यांत आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यावर तेही गेलं.

विलो फोर्डने स्टेशनवर आमचं जंगी स्वागत केलं. बँड होता, निशाणं होती, टेबलभर 'पाय' मांडले होते, म्हणजे पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजलेले, सफरचंदाचे आणि भोपळ्याचे. ऑरिनची बायको हॅटी कडेवर पोर घेऊन उभी होती. नवरा समुद्रावर असताना जन्मलेला तिचा व्हर्न. ऑरिनने मुलाला पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. पोराने मात्र बापाकडे न बघता माझ्याकडे बोट दाखवलं, आणि सगळा फलाट हसला.

ज्याने आणली त्यानेच वाजवायची, असं गावाने ठरवलं. ऑरिनचं दुकान माझ्या पायाशीच होतं. आग लागली, सण आला, निवडणूक झाली की तो हातातलं चामडं टाकून वर यायचा.

आणि कोणी गेलं तरी. या गावची एक पद्धत होती. माणूस मेला की त्याच्या वयाइतके ठोके द्यायचे, सावकाश, एकेक करून. मी वाजायला लागले की सगळं गाव असेल तिथे थांबायचं आणि ओठांतल्या ओठांत मोजायचं. चार ठोक्यांवर थांबले तर कोणाचं लेकरू, ते लगेच कळायचं. सत्तरच्या पुढे गेले की लोक टोपी काढायचे नि पुन्हा कामाला लागायचे. घरोघर जाऊन सांगावं लागत नसे.

युरोपातल्या लढाईत अमेरिका उतरली, तेव्हाही मला दणदणून वाजवलं. अठरा पूर्ण होताच व्हर्नने फौजेत नाव घातलं.

"बाप तिकडून घंटा घेऊन आला," हॅटी म्हणाली, "आता तू काय आणणारेस?"

"जर्मनाचं शिरस्त्राण आणेल," ऑरिन म्हणाला.

"आई, मी नुसता परत आलो तर चालेल ना गं?"

"चालेल रे बाबा. हात हलवत ये."

तिने खिडकीत लाल काठाचं पांढरं कापड लावलं, मधोमध निळा तारा. घरचा मुलगा फौजेत असला की तारा लावायचा. शेजारच्या इंगेबोर्ग लिंडालच्या खिडकीतही तसाच होता. तिचा नेल्स व्हर्नहून तीन वर्षांनी मोठा. गावातून समुद्रापार गेलेली पोरं ही दोनच. दोघी रोज कुंपणापाशी उभ्या राहून पत्रांची देवाणघेवाण करायच्या. दोन्हीकडे मजकूर एकच: चिखल आहे, तब्येत बरी आहे, मोजे पाठवा.

एकोणीसशे अठरा सालच्या शरदात तापाची साथ आली आणि मी इतकी वाजले की मलाच माझा कंटाळा आला. ते जरा ओसरतंय तोवर सात नोव्हेंबरला दुपारी टेलिफोनवरून बातमी आली, युद्ध संपलं! ऑरिनने हाताला फोड येईपर्यंत दोरी ओढली. लोकांनी जर्मनांच्या बादशहाचा, कैसरचा, पेंढ्याचा पुतळा करून चौकात जाळला. पाद्रीबाबा चक्क नाचले. हॅटीने खिडकीतला तारा काढला, धुतला, इस्त्री केला आणि घडी घालून ठेवून दिला.

संध्याकाळी कळलं, बातमी खोटी. फक्त आमचंच नाही, सगळा देश फसला होता.

"अगं हॅटी, परत लाव ते कापड," इंगेबोर्ग म्हणाली. "अजून संपलं नाहीये."

"घंटा वाजली की नाही? मग माझ्यापुरतं संपलं."

"खुळी की काय तू!"

चार दिवसांनी युद्ध खरंच संपलं. मला पुन्हा बडवलं. हॅटी कुंपणावरून ओरडली, "बघ! म्हटलं नव्हतं?" तिने व्हर्नची गादी उन्हात टाकली, त्याच्या खोलीला रंग दिला. रंग निळा की पिवळा, यावरून नवराबायकोत दोन दिवस वाद झाला.

नोव्हेंबर संपत आलेला. सकाळी स्टेशनवरचा तारबाबू लूट गार्व्ही ऑरिनच्या दुकानात आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, तेव्हाच ऑरिनने हातातली सुई खाली ठेवली.

"कधी?" ऑरिनने विचारलं.

"नऊ तारखेला."

ऑरिनने मान हलवली. सातला त्याने मला वाजवलं होतं, अकराला वाजवलं होतं. नऊला तो एका घोडीचं खोगीर दुरुस्त करत बसला होता. त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं.

"हॅटीला मी सांगू का?"

"नको. मी वाजवतो."

तोंडाने सांगणं त्याला जमणार नव्हतं, इतकंच. तो वर आला, दोरी धरली आणि पहिला ठोका दिला.

रस्ता थांबला. हॅटी आणि इंगेबोर्ग किराण्याच्या दुकानासमोर होत्या. दोघींनी एकमेकींचा हात धरला. मी त्यांना वरून स्वच्छ पाहत होते. दहा झाले, बारा झाले, दोघींचे ओठ हलत होते. सतराव्या ठोक्याला हॅटीने डोळे मिटले.

ऑरिनही मनोऱ्याच्या झरोक्यातून खालीच बघत होता. एकोणिसावा ठोका पडला. आता थांबायचं होतं.

तो थांबला नाही. त्याने विसावा दिला.

हॅटीने डोळे उघडले. नेल्सच्या वयाइतके बावीस झाले, तेविसावा पडला, तशी इंगेबोर्ग दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि रडता रडता हसायला लागली. पन्नास झाल्यावर हॅटी म्हणाली, "म्हातारा पिकेट गेला वाटतं. बिचारा! त्याच्या सुनेला एकटीला कसं व्हायचं? चल, मी सफरचंदाचा पाय भाजायला लावते त्यांच्यासाठी, तू बटाटे उकड." मयताच्या घरी जेवण पाठवायची रीत होती. ती झपाझप घरी गेली. चालताना हलकी वाटत होती.

ऑरिन ठोके देत राहिला. थांबला की खाली जाऊन तिला सांगावं लागणार, म्हणून तो थांबत नव्हता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. माझ्याही आत काही हललं नाही. लोलक येत होता, लागत होता, जात होता.

ऐंशी झाले, नव्वद झाले. म्हातारा पिकेट काठी टेकत अंगणात आला.

"अरे, मी इथे धडधाकट आहे!" तो ओरडला. "कोणासाठी बडवतोयस?"

कोणी हसलं नाही. शंभर झाले, एकशे दहा झाले. इतकं कोणी जगत नाही. आपापल्या दारात माणसं उभी होती. ती आता मोजत नव्हती, टीझडेलांच्या घराकडे बघत होती.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. हॅटी बाहेर आली, कोपरापर्यंत हात पिठाने माखलेले. ती धावली नाही. रस्ता ओलांडून मनोऱ्याच्या जिन्याने एकेक पायरी वर आली आणि नवऱ्याच्या मागे उभी राहिली.

"ऑरिन," ती म्हणाली, "पुरे आता. आपला व्हर्न एकोणीसचाच होता."

त्याचे हात दोरीवरून सुटेनात. तिनेच एकेक बोट सोडवलं.

त्यानंतर त्याने मला कधी वाजवलं नाही. गावाने पुढे विजेचा भोंगा बसवला आणि मला उतरवून बागेत सिमेंटच्या ओट्यावर ठेवलं. ओट्यावर पाटी आहे: आमच्या शूर मुलांनी जिंकून आणलेली. ऊन लागतं, बर्फ पडतो. मला त्याचं काही नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला खडा मारून आवाज ऐकायची हौस असते. खुशाल मारा बाबांनो, मला काही लागत नाही.

फक्त मोजू नका.