गाडी उभी राहणार नाही

"टेस्टवर दोन रेघा आल्यात, साहेब. वर येऊ नका. मी सांगतोय तेवढं पुरे," पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सर्जन म्हणाला.

खाली व्हॅनशेजारी स्कूटर लावून त्याचा साहेब उभा होता. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. सकाळचे साडेपाच वाजले होते आणि सातला चार पेशंट डायलिसिसला पोहोचायला हवे होते.

सर्जन म्हणजे व्हॅनचा ड्रायव्हर. चौदा वर्षं तो किडनीच्या पेशंटांची ने-आण करत होता. हे नाव बाकीच्या ड्रायव्हरांनी चेष्टेनं ठेवलेलं. थंडी तोंडावर आली की हा सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागायचा, फ्लूची सुई घेतली का, कोविडची घेतली का. कुणी शिंकलं की खिशातून टेस्टचं पाकीट काढायचा. त्याला बघून लोक शिंक गिळायचे.

"साधी सर्दी आहे रे," साहेब म्हणाला. "मास्क लाव, काचा उघड्या ठेव."

"मागच्या वर्षी मीही हेच म्हणालो होतो."

मागच्या वर्षी साधी सर्दी म्हणून त्यानं गाडी काढली होती. त्याच्या मागच्या सीटवर बसणारी शिंपीणबाई, जी उतरताना रोज त्याची कॉलर सरळ करायची, अकराव्या दिवशी गेली. तिला आजार कुणाकडून आला हे कुणी विचारलं नाही आणि नक्की कुणाला सांगताही आलं नसतं. सर्जननं मात्र सर्दीच्या तिसऱ्या दिवशी स्वतःचं नाक तपासलं होतं आणि दोन रेघा एकट्यानं बघितल्या होत्या. त्याला स्वतःची भयंकर चीड आली होती. ती अजून उतरली नव्हती.

"दोन्ही सुया टोचून घेतल्यास ना? मग काय उपयोग झाला?"

"हाच. खिडकीत उभा राहून तुमच्याशी भांडतोय. मागं बसणाऱ्यांच्या अंगात तेवढं बळ नाही."

"आणि त्यांचं डायलिसिस चुकलं तर? आज दुसरा ड्रायव्हर मोकळा नाहीये माझ्याकडं."

"डायलिसिस चुकलं तर काय होतं हे मला शिकवू नका. गाडी उभी राहणार नाही. तुम्ही चालवा."

साहेब हसला. वर कुणी हसत नव्हतं.

"सहा वर्षं अशीच गाडी चालवून तुम्ही साहेब झालात. केबिनमध्ये बसून क्लच विसरलात का?"

"तोंड सांभाळ. मुकाट्यानं खाली ये, नाहीतर उद्यापासून घरी बस."

"अहो, जरा जपून बोला," खोलीच्या दाराबाहेरून त्याची बायको म्हणाली. तिची एकच रेघ आली होती, तरी पहाटेपासून त्यानं तिला खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"जपूनच बोलतोय," तो तिला म्हणाला आणि पुन्हा खिडकीबाहेर वाकला. "बसतो घरी. पण किल्ली आत्ता माझ्याकडं आहे, साहेब. नाक तपासल्याशिवाय ती मी कुणालाही देत नाही. तुम्हालाही नाही."

साहेबानं घड्याळ बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग हेल्मेट काढलं.

बायको मास्क लावून नवं पाकीट खालच्या पायरीवर ठेवून आली. साहेबानं त्यातली कापसाची कांडी नाकाला नुसती टेकवली.

"आत घाला. दोन्हीकडं फिरवा, गोल. उरकायचं काम नाही हे."

साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा मिनिटं तो पट्टी बॉनेटवर ठेवून तिच्याकडं बघत बसला. रेघ एकच आली. सर्जननं वरून किल्ली टाकली, ती साहेबाला वाकून उचलावी लागली. व्हॅन पहिल्याच गिअरला दोनदा बंद पडली, मग निघाली.

साडेआठला फोन आला.

"चौघंही वेळेवर पोहोचले," साहेब म्हणाला. आवाज दमलेला होता. "पण माझा शब्द मी फिरवत नाही. उद्यापासून गाडीवर नवा माणूस."

सर्जन पलंगाच्या कडेला बसला. चौदा वर्षं म्हणजे काही गंमत नव्हे.

"त्यानं सुई घेतलीय?"

"तुला काय करायचंय आता?"

"घेतली नसेल तर आजच घ्यायला लावा. अंगात मुरायला पंधरा दिवस लागतात, तोवर रोज सकाळी नाक तपासा. आणि कागद घ्या, लिहून घ्या. पहिल्या थांब्यावरच्या मास्तरांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचतात, उतरवताना तो हात ओढायचा नाही. परत येताना शाळेच्या उतारावर गाडी अगदी हळू घ्यायची, त्यांना तिथं गरगरतं."

पलीकडं खण उघडल्याचा आवाज आला.

"हं, सांग."

सर्जन एकेक थांबा सांगत गेला. मध्येच खोकला आला की तो थांबायचा, आणि तो पुन्हा बोलेपर्यंत साहेब वाट बघायचा.