मंत्र्यांच्या घरची न प्यालेली कॉफी

मी एक जुना कॉफीचा पेला आहे. मला कान नाही, बूड एवढंसं, आणि माझ्यात जेमतेम दोन घोट मावतात. पण मित्रांनो, मूर्ती लहान, कीर्ती महान! माझं मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

ऐन तूता गावातल्या एका आईने मला बाजारातून आणलं. तिचा मुलगा नौफल परदेशातल्या आपल्या वकिलातीत नोकरीला निघाला, तेव्हा तिने मला लोकरी मोज्यात गुंडाळून त्याच्या सामानात ठेवलं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. परक्या देशांचे पाहुणे माझ्यातून वेलदोड्याची कॉफी पीत. पुढे नौफल राजदूत झाला, घरात मोठे कानवाले कप आले आणि मी कपाटात गेलो. बावीस वर्षं धूळ खाल्ली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग नौफलसाहेब आमच्या राजधानीला, अम्मानला परतले आणि पाणीखात्याचे मंत्री झाले. आता गावाकडची माणसं येणार, म्हणून मला घासूनपुसून बाहेर काढलं.

पहिल्याच आठवड्यात ऐन तूताचे म्हातारे दहामकाका दहा माणसं घेऊन आले. गावचा झरा आटला होता, नळ हवा होता. पण सरकारने ती पाइपलाइन दुसरीकडे न्यायचं ठरवलं होतं. नकाराचं पत्र साहेबांच्या खिशातच होतं.

काकांनी मला हातात घेतलं आणि न पिता समोर ठेवलं. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस असंच करतो. यजमान 'प्या' म्हणाला, की मागणं मान्य. मग माघार नाही.

साहेबांना परदेशी पाहुणचाराची सवय. ते हसून म्हणाले, "घ्या ना काका, कॉफी गार होतेय."

काकांनी मला एका दमात रिकामं केलं. "अल्ला तुझं भलं करो, अबू सैफ!" आमच्याकडे मानाने हाक मारायची, तर मुलाच्या नावाने: अबू सैफ, म्हणजे सैफचा बाप.

सचिव कानाशी लागला, "साहेब, काय बोलून बसलात! चुकून बोललो म्हणा."

साहेबांचा चेहरा उतरला. काकांनी तो पाहिला. "पोरा, चुकून म्हणालास का? खरं सांग. प्यालेली कॉफी काही परत येत नाही, पण आम्ही मुकाट्याने जाऊ."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही काका. आणखी घ्या."

त्या शब्दापायी ते मंत्रिमंडळात सर्वांशी भांडले. गावाला पाइपलाइन मिळाली, पण सात महिन्यांत त्यांची खुर्ची गेली.

नळ आला त्या दिवशी साहेब मला घेऊन गावी गेले. काकांनी मला नळाखाली धरलं. जन्मभर कॉफीच भरलेल्या माझ्यात प्यायचं पाणी पहिल्यांदाच आलं. साहेबांनी मला घेतलं आणि न पिता खाली ठेवलं.

"आता तुझं काय मागणं?" काका म्हणाले.

"माफी. त्या दिवशी मी खरंच चुकून बोललो होतो."

"ठाऊक होतं रे," काका म्हणाले. "पी."

साहेब प्यायले.

मित्रांनो, माझ्या काठाचा टवका उडालाय. तरी मला फेकू नका. आणि कुणी तुमच्यासमोर भरलेला पेला तसाच ठेवला, तर आग्रह करण्याआधी विचारा, त्याला काय हवंय.