पुढची दोन चाकं

आमच्याकडे नोव्हेंबर लागला की लोक तब्येत विचारत नाहीत, "टायर बदलले का?" असं विचारतात; उन्हाळी टायर काढून बर्फात पकड धरणारे स्नो टायर चढवायचे असतात. आमची गाडी जुनी, लांबलचक, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी. माझ्या नवऱ्याचा, वेंडेलचा, तिच्यावर भारी जीव. पण यंदा आमच्या लेकीनं, कार्लानं, बजावलं होतं, "चारी स्नो टायर लावलेत तरच टेसला त्या गाडीतून शाळेत न्यायचं." टेस आमची नात, सहा वर्षांची. रोज सकाळी तिला सोडायची ती वीस मिनिटं गेली, तर आम्हा दोघांच्या दिवसात उरतं काय? तेव्हा चारी टायर आणले. वेंडेल म्हणाला, "बसवले."

मंगळवारी त्याची कंबर धरली म्हणून टेसला सोडायला गाडी मी काढली. चर्चच्या उताराखाली रस्ता डावीकडे वळतो. मी स्टिअरिंग वळवलं. गाडी वळली नाही. मागचा भाग घसरला असता तर काय करायचं ते मला झोपेतही येतं. इथं नाकच सरळ चाललं होतं, जणू मी गाडीत नव्हतेच. समोरून ओंडक्यांचा ट्रक. भोंगा. मग पलीकडचा बर्फाचा ढीग, आणि काच पांढरी.

"आजी, आपण रस्त्यावर नाही आहोत," टेस मागून म्हणाली.

"हो गं." आवाज माझाच असावा.

तिला ओरखडाही नव्हता. ट्रकवाला धावत आला, खाली वाकला आणि म्हणाला, "बाई, मागे स्नो टायर आणि पुढे उन्हाळी? असं कुणी केलं?"

मी वाकून बघितलं. पुढची दोन्ही चाकं उन्हाळ्यातलीच होती.

त्यानं गाडी ओढून काढली. टेसला मी चालत्या माणसाच्या वेगानं शाळेत पोचवलं आणि घरी आले.

"उरलेले दोन टायर कुठेत?"

"माळ्यावर," वेंडेल कॉफी ढवळत म्हणाला. "ही जोडी झिजली की माळ्यावरची लावायची. दुप्पट वर्षं जातील. अगं, जोर मागून लागतो. माझ्या बाबांनी जन्मभर मागे दोनच लावले, शिवाय वजनासाठी डिकीत वाळूची पोती."

"आणि वळायचं, थांबायचं कशानं? प्रार्थनेनं?"

तो हसणार होता, पण माझा चेहरा बघून थांबला. मी सगळं सांगितलं. चमचा त्याच्या हातात तसाच राहिला.

कार्लाला काही सांगू नकोस, असं तो म्हणेल असं मला वाटलं होतं. त्यानं स्वतःच फोन लावला. "कार्ला, मी दोनच बसवले होते. तुला चार सांगितले." मग सकाळचं सगळं तिला सांगितलं.

दुपारी कार्ला आली तेव्हा तो शेडमध्ये, मोडक्या कमरेनं, शेवटच्या चाकाचे नट आवळत होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि टेसची पट्ट्यांनी बांधलेली लहान खुर्ची सोडवायला लागली. पट्टा अडकला. मीच जाऊन बक्कल दाबून तो सोडवून दिला.

"आई, उद्यापासून तिला मी सोडेन."

"बरं." किती दिवस, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही.

वेंडेल पाना हातात घेऊन अर्धवट वाकलेलाच उभा राहिला. "आता चारी बसलेत गं."

"बघितलं, बाबा," ती म्हणाली, आणि खुर्ची उचलून आपल्या गाडीकडे गेली.